वरवंट्याचा मार्च

घड्याळं एक तास पुढे सरकवायचा रविवार आला, की अमेरिकेतल्या आमच्या ॲशबर्नमध्ये दोन गोष्टी एकदम होतात. रस्त्याकडेची पांढऱ्या फुलांची झाडं अंगभर फुलतात. लांबून बघावं तर लग्नाचा मांडव, जवळ जावं तर मासळीबाजार, असला त्यांचा वास. आणि माझं डोकं फिरायला लागतं. मंदार, माझा नवरा, आता कॅलेंडर न बघता ओळखतो. "आला वाटतं तुझा मार्च," म्हणतो आणि मुकाट्याने चहा टाकायला जातो. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

गेल्या मार्चमध्ये माझ्या मुलीचा पाय मोडला. इराचा. डावा पाय, नडगीची दोन्ही हाडं. हे आधीच सांगून टाकते, कारण आडवळणाने बोलायचा माझा पिंड नाही, मी नागपूरची. पाय जुळला. आत सळई घालून जुळवला. पण ती पुन्हा मैदानात उतरून खेळेल का, हे वर्षभर कुणीच सांगू शकलं नाही. डॉक्टर सांगायचे ते हाडाबद्दल. हाड काय, हाड जुळतंच.

आणि ज्याच्यामुळे मोडला, तो आमचा वीस वर्षांपासूनचा मित्र.

सगळ्याचं मूळ इथून फार लांब आहे. लग्नानंतर लगेच मी आणि मंदार एका प्रोजेक्टवर स्कॉटलंडला गेलो, इन्व्हरकार्न नावाच्या गावी. सोबत पुण्याचा अविनाश आणि डोंबिवलीचा गिरीश. चौघांनी तिथे तीन हिवाळे काढले. दुपारचा चहा होईतो अंधार पडायचा. समुद्रावरून येणारा वारा कानफटात मारल्यासारखा लागायचा. शनिवारी करायला काही नसे, म्हणून गावच्या टीमची फुटबॉल मॅच बघायला जाऊ लागलो. इन्व्हरकार्न रोव्हर्स. स्कॉटलंडची चौथी, म्हणजे सगळ्यात खालची डिव्हिजन, आणि त्यातही हे कायम तळाशी. त्याच्या खाली घसरलात की लीगमधून बाहेरच, गावाचं नावसुद्धा पेपरात यायचं नाही. ओली लाकडी बाकं, व्हिनेगर मारलेल्या चिप्स, आणि मागच्या बाकावर विणकाम करत लाइन्समनच्या सात पिढ्या उद्धरणारी एक म्हातारी. पहिल्याच दिवशी मी उभी राहून ओरडले, "अरे मार ना त्याला, बघत काय बसलास!" म्हातारीला शब्द कळला नसेल, पण सूर कळला. तिने खिशातून गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. घशासाठी.

बाप्पा रे, काय सुख होतं ते! आयुष्यभर ऐकलेलं, हळू बोल, मुलीच्या जातीला एवढा राग बरा नव्हे. ऑफिसात ऐकलेलं, टोन सांभाळ. आणि इथे सगळं गावच माझ्यासारखं. तेव्हापासून रोव्हर्स माझे.

पुढे प्रोजेक्ट संपला, व्हिसे बदलले, आणि चौघंही फिरत फिरत इथे, एकमेकांपासून दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर येऊन स्थिरावलो. खिडक्या नसलेल्या त्या प्रचंड डेटा सेंटरांच्या मध्ये आमची घरं. क्लबने कधीतरी मॅचेस ऑनलाइन दाखवायला सुरुवात केली. मचाणावर एकच कॅमेरा, तोही वाऱ्याने हलणारा. मग काय, शनिवार सकाळी आमचं बेसमेंट ठरून गेलं. तिकडे दुपारचे तीन म्हणजे इकडे सकाळचे दहा. मिरची सढळ हाताने घातलेले पोहे, आल्याचा चहा, आणि शिव्या. इरा आणि अविनाशची सानिका दोघी त्या जिन्यावर बसून मोठ्या झाल्या. 'ऑफसाइड' हा शब्द त्या 'अ अननसाचा'च्या आधी शिकल्या.

आता आमची एक परंपरागत चूक सांगते. अमेरिकेची घड्याळं मार्चमध्ये आधी पुढे जातात, तिकडची नंतर. मधले दोन-तीन आठवडे मॅच दहाला नसते, अकराला असते. आम्ही चौघं सॉफ्टवेअरवाले. कुठल्या देशात किती वाजले ह्याचा कोड लिहून पोट भरलेली माणसं. पण दरवर्षी, न चुकता, त्या शनिवारी सगळे दहाला हजर! टीव्हीवर रिकामं मैदान. मग एक अख्खा तास हातात पोह्यांची बशी, आणि समोर मॅच नाही म्हटल्यावर करायचं काय? वाद.

वाद कशावर? पळसाला पानं तीनच. गोलकीपर, स्ट्रायकर आणि वरवंटा. गोलकीपर आठवडाभर दुधाची व्हॅन चालवायचा, उंच चेंडू आला की दुधाची पिशवी सांभाळावी तसा पोटाशी घ्यायचा, निम्म्या वेळा सांडायचा. स्ट्रायकर पोस्टमन. "पत्रं तरी वेळेवर टाकतो का रे हा?" गिरीश विचारायचा, कारण गोल त्याने दिवाळीनंतर एकही टाकला नव्हता. आणि वरवंटा, म्हणजे आमचा मधला डिफेंडर आणि कॅप्टन. घरांची छपरं शाकारायचा धंदा. बुटका, जाडा, मान नाहीच. हे नाव मी ठेवलेलं. पुढून येणारा माणूस मिरची असो की खोबरं, ह्याचं काम एकच, वाटणं.

आम्ही जीव टाकायचो त्याच्यावर. मी तर सगळ्यात जास्त. समोरचा कोवळा पोरगा चेंडू घेऊन नाचत आला, की बेसमेंटमध्ये एकच गजर व्हायचा, "तोड! तोड!" मंदार, जो मुंगी दिसली तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो, तोही. वरवंटा जमिनीसरपट जायचा, पोरगा हवेत, चेंडू गटारात, आणि आम्ही टाळ्या. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटायचं. आठवडाभर मीटिंगमध्ये "ग्रेट पॉइंट" म्हणून गिळलेलं सगळं त्या एका लाथेत बाहेर पडायचं.

एकटा अविनाश त्याच्या विरोधात. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, आवाज कधी चढणार नाही, पण मुद्दा सोडणार नाही. मॅच संपली की त्याचं सुरू, वरवंट्याला वर्षात किती लाल कार्डं, दहा जणांत खेळून किती मॅचेस हरलो. "दांडगाई म्हणजे डिफेन्स नव्हे, वहिनी," म्हणायचा. "तो उंच, नवा पोरगा आहे ना बेंचवर, त्याला घ्या. तो चेंडू काढून घेतो, माणूस पाडत नाही." गिरीश भडकायचा. "अव्या, तळाच्या टीमकडे भीतीशिवाय असतं काय? तीच आपली एक जमेची बाजू. ती पण काढून टाक!"

गेल्या मार्चच्या त्या शनिवारी टीम तळाशी होती, वरच्या टीमपेक्षा एकच पॉइंट मागे, आणि आम्ही सवयीप्रमाणे दहाला हजर. बाहेर गारठा, झाडांचा तो कुबट वास खिडकीतून आत येत होता. गिरीशचं तेव्हा ऑफिसात बिनसलेलं. ज्याला त्याने काम शिकवलं, तो पोरगा आदल्याच दिवशी त्याचा मॅनेजर झाला होता. हे आम्हाला सगळ्यांना माहीत. अविनाशलाही.

"बघ," अविनाश नेहमीसारखा हळू आवाजात म्हणाला, "पाय संपलेत त्याचे. पस्तिशी उलटली. पाय संपलेला माणूस लाथा मारतो, कारण त्याला धावता येत नाही. अशांना सन्मानाने घरी बसवावं."

"कुणाला?" गिरीश म्हणाला.

"वरवंट्याला. अजून कुणाला?"

"नाही, तू मला बघून बोललास."

"गिऱ्या, मी टीव्हीकडे बघून बोलतोय."

टीव्हीवर काय होतं बघायला? रिकामं मैदान! गिरीशने बशी ठेवली नाही, भिरकावली. पोहे भिंतीवर. मग त्याने अविनाशची कॉलर धरली आणि ठोसा मारला. मी आजवर सिनेमात ठोसे बघितले होते. खरा ठोसा वाजत नाही तसा. ओली कणीक परातीत आपटावी तसा बद्द आवाज येतो. चष्मा फुटला, भुवई फाटली, आणि रक्त डोळ्यात उतरलं. मंदार मध्ये पडला तर त्याला कोपर बसलं, तो सोफ्यामागे. आणि अविनाश? हा हळू आवाजाचा माणूस, ह्याने दात ओठ खाऊन गिरीशच्या पोटात डोकं घातलं. दोघं कार्पेटवर. केस, चहा, शेंगदाणे, रक्त. गिरीश त्याचं डोकं जमिनीवर आपटत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, "म्हण, टीम त्याची आहे! म्हण!"

"म्हणणार नाही," अविनाश खालून म्हणत होता. "नाही म्हणणार."

मी चहाची किटली उचलली आणि उरलेला चहा गिरीशच्या पाठीवर ओतला. तेव्हा सुटले. जिन्यावर इरा आणि सानिका उभ्या होत्या. सानिका रडत नव्हती, नुसती बघत होती. तिने बापाला त्याआधी कधी घाम आलेलाही बघितला नसेल.

आणि गंमत बघा, घरी कुणीच गेलं नाही. अकरा वाजले, मॅच सुरू झाली. अविनाश डोळ्यावर फ्रोजन मटारची पिशवी धरून बसला, गिरीश ओल्या शर्टात दुसऱ्या टोकाला. पुरुषांचं हे मला कधी कळलेलं नाही. अर्ध्या तासात समोरच्या टीमचा एक पोरगा, सतराचा असेल, तुरुतुरु पळत आला. आम्ही ओरडलो. अविनाश सोडून सगळे ओरडलो. वरवंटा गेला. पोरगा पडला, आणि त्याचा पाय घोट्याच्या वर भलतीकडेच वळलेला. मचाणावरचा कॅमेरा हलायचा थांबला. तिकडच्या मैदानात एकही आवाज नाही. लाल कार्ड निघालं. वरवंटा मैदानाबाहेर जाताना तोंडावर शर्ट ओढून घेऊन चालला होता.

"झालं समाधान?" अविनाश म्हणाला. मला तेव्हा त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा, जास्तच.

नंतरच्या मंगळवारी इराच्या शाळेची मॅच होती, सानिकाच्या शाळेशी. इथे मुलींचा सीझन वसंतात असतो. इरा डिफेन्समध्ये, सानिका स्ट्रायकर. लहानपणापासून एकाच अंगणात खेळलेल्या, त्यामुळे एकमेकींची प्रत्येक खोड पाठ. संध्याकाळचा वारा बोचत होता, गवताखाली चिखल. अविनाश समोरच्या बाजूला एकटाच उभा, भुवईवर टाके, डोळा काळानिळा. शनिवारपासून तो कुणाशी बोलला नव्हता. ऑफिसात म्हणे त्याने सांगितलं, जिन्यावरून पडलो. मार खाल्लेल्या सभ्य माणसाचं काय होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दांडगा माणूस मार खातो आणि विसरतो. सभ्य माणूस तो पोटात ठेवतो, आणि तिथे तो नासतो.

इरा त्या दिवशी अशी खेळली, की मी ओरडायलाही विसरले. माणूस न पाडता चेंडू काढत होती. अविनाशच्या तोंडचं वर्णन जणू. सानिका आली, चेंडू गेला. पुन्हा आली, पुन्हा गेला. बाजूचे पालक हसले. कुणीतरी म्हणालं, नंबर नाइन कान्ट गेट पास्ट हर. चौथ्यांदा इराने चेंडू काढला आणि पाठ फिरवून निघाली. तेव्हा समोरून आवाज आला. मी वीस वर्षांत न ऐकलेला. फाटलेला, चिरका.

"सोडू नकोस तिला! तोड! पाय तोड तिचा!"

आपल्या लोकांना इथे एक वाईट खोड लागलेली असते. चारचौघांत मराठीत काहीही बोलावं, दुकानात, लिफ्टमध्ये, गोऱ्या बाईच्या तोंडावर तिच्या ड्रेसबद्दल. कुणाला कळतंय! त्या मैदानावर शंभर माणसं होती आणि खरंच कुणाला कळलं नाही. फक्त पाचजणांना कळलं. मला, मंदारला, ओरडणाऱ्याला. आणि त्या दोन मुलींना.

सानिका बापाचं ऐकणारी पोर. आणि बाप आयुष्यात पहिल्यांदा ओरडून काहीतरी सांगत होता. ती मागून घसरत गेली. दोन्ही पाय पुढे.

तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

मी मैदानात धावले, पण इराकडे नाही. तिच्याकडे मंदार गेला. मी आडवं मैदान कापून सरळ अविनाशकडे गेले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती वाटेत गुडघ्याला, पोटाला, घशाला कशी लागत जाते ते मला त्या पन्नास-साठ पावलांत कळलं. माझ्या हातात पाण्याची स्टीलची बाटली होती. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. टाके उसवले. पुन्हा हाणली. तो हात वर करेना. "माझी पोर आहे ती!" मी ओरडत होते. "तुझ्या मांडीवर वाढलीय रे ती, हरामखोरा!" तिसऱ्यांदा मारणार तेवढ्यात दोन दाढीवाल्या बापांनी मला उचललं. मला पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. शाळेने मला अख्ख्या सीझनभर मैदानावर यायची बंदी घातली. वरवंट्याला त्याच्या लीगने आठ मॅचेसची घातली होती. त्याच्यापेक्षा मोठी शिक्षा मला! मला ह्यावर हसू आलं ते फार नंतर.

हॉस्पिटलमध्ये गुंगी उतरल्यावर इरा म्हणाली, "आय हर्ड हिम, मम्मा."

"माहितीये."

"नो, लाइक, आय अंडरस्टूड. एव्हरी वर्ड."

दर रविवारी तिला ओढत मराठी शाळेत नेली. 'मी आंबा खाल्ला' आणि 'मी आंबा खाल्ली' ह्यावर किती भांडलो. म्हणायची, कुणाशी बोलू मी ही लँग्वेज? त्या दिवशी तिला एक पूर्ण वाक्य, जराही न अडखळता, पाठीमागून येऊन कळलं. मला रडू फुटलं ते तिच्या पायातल्या सळईने नाही, ह्या गोष्टीने.

गिरीशने ठोसा मारला मॅनेजरचा राग म्हणून, पडला अविनाशवर. अविनाशने तो काढला कुणावर? वड्याचं तेल वांग्यावर. आणि शेवटी तेल सांडलं ते लेकरांच्या अंगावर. एवढं सगळं मला कळत होतं, तरी दुसऱ्या दिवशी अविनाशने दारात ठेवलेला डबा मी झाकण न उघडता, डब्यासकट कचऱ्यात टाकला. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

ते वर्ष आमच्या घरात तोडफोडीचं गेलं. इराने खोलीतल्या सगळ्या ट्रॉफ्या एकेक करून भिंतीवर फोडल्या, मी थांबवलं नाही. कुबडीने तिने आरसा फोडला. फिजिओच्या बाईंना एकदा चावली, खरंच चावली, लहान मुलासारखी. तिकडे रोव्हर्सनी वरवंट्याच्या जागी त्या उंच पोराला घेतलं. आणि काय सांगू, तो चेंडू काढून घ्यायचा, माणूस पाडायचा नाही, आणि टीम शेवटच्या शनिवारी एका पॉइंटने वाचली! अविनाश बरोबर होता. पहिल्यापासून बरोबर होता, आणि हे बघायला तो आमच्या बेसमेंटमध्ये नव्हता. मला इतका संताप आला, की मी टीव्ही बंद करून वरच्या मजल्यावर निघून गेले. बरोबर असलेल्या माणसाने असं करावं?

वरवंटा पुन्हा खेळलाच नाही. म्हणे छपरावर चढतो फक्त.

आणि यंदाचा मार्च. फुलं आली, वास आला, आणि आम्ही त्या शनिवारी पुन्हा दहाला हजर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तिघंच. रिकामा तास. टीम पुन्हा तळाशी, कारण त्या उंच पोराला जानेवारीत मोठ्या क्लबने उचललं. "वरवंट्याला कोच म्हणून आणा," गिरीश म्हणाला. "पोरांना जरा धाक बसेल." मी म्हटलं, हो, आणा. मंदार म्हणाला, आणा की. आणि वाद संपला! पाच मिनिटांत! उरलेला वेळ तिघं पोह्यातले शेंगदाणे वेचत बसलो. वाद घालायला विरोधक लागतो, आणि आमच्याकडे तो एकच होता. गिरीशने भिंतीकडे बघितलं, जिथे पोह्यांचा हळदीचा डाग अजून आहे. "अव्या असता तर..." म्हणाला, आणि पुढचं चहाबरोबर गिळलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याने ते नाव काढलं होतं.

इराला तोवर डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती. प्रॅक्टिसला जायची आणि गाडीत बसताना दार आपटायची. तिची कोच मला म्हणाली, लेग इज फाइन, पण मागून कुणी आलं की ती चेंडू सोडून उडी मारते. डिफेंडरने चेंडू सोडला तर तिला कशाला घ्यायचं? आठवडाभरात टीम ठरणार होती.

रविवारी दुपारी इरा बूट घालून खाली आली. "मम्मा, सानिकाकडे जायचंय. यू आर कमिंग, ऑर आय ड्राइव्ह मायसेल्फ."

"तिच्याकडे काय काम तुझं?"

"इट हॅज टू बी हर," ती म्हणाली.

सानिकाने त्या मंगळवारनंतर चेंडूला पाय लावला नव्हता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इराला माहीत होतं. मुलींचे फोन आपल्या आधीच बोलत असतात. अविनाशचं घर आलं. इराने बेल वाजवलीच नाही. गॅरेजच्या बंद दारावर तिने चेंडू हाणायला सुरुवात केली. धाड! धाड! शेजारचे कुत्रे भुंकायला लागले. पत्र्याला खळगे पडत होते. धाड! मी गाडीला टेकून उभी. शेवटी सानिका बाहेर आली, मोज्यांवरच. बारीक झाली होती.

"टॅकल मी," इरा म्हणाली.

"नो."

"फ्रॉम बिहाइंड. लाइक यू डिड."

"इरा, नो. प्लीज."

इराने तिच्या नडगीवर लाथ मारली. सानिका कळवळली. इराने पुन्हा मारली. "शूज घाल!" हे मराठीत. आणि सानिकाने, बाप्पा रे, तिच्या कानाखाली एक वाजवली. दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून ओल्या गवतावर लोळल्या. चावे, ओरखडे, रडणं, इंग्रजी शिव्या, आणि मधूनच आमच्या बेसमेंटमधल्या. मी पुढे झाले नाही. एक वर्ष कोंडलेलं होतं ते, निघू दे म्हटलं. दारात अविनाश आला होता. भुवईवर जाड पांढरी रेघ, माझ्या हातची. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी "कसा आहेस" म्हटलं नाही, त्याने "या" म्हटलं नाही. तो येऊन माझ्या बाजूला उभा राहिला.

सानिका आत गेली आणि बूट घालून आली. इराने चेंडू घेतला आणि पाठ फिरवली. डावा पाय थरथरताना मला तिथून दिसत होता. ती धावली. सानिका मागून निघाली. आणि तेव्हा मी बाजूला बघितलं. अविनाशने स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. इतकं घट्ट, की बोटांखालची कातडी पांढरी पडली होती, आणि डोळ्यांतून पाणी बोटांवर ओघळत होतं. मी त्याच्या दंडाला धरलं. नखं रुतली असतील, रुतू देत.

सानिका घसरली. बुटावर बूट वाजला. इराने उडी मारली नाही. चेंडू सुटला, ती तोंडावर आपटली, आणि गवतात तशीच पडून राहिली.

मग तिने तोंडातला चिखल थुंकला. डावा पाय आधी टेकला, मग उजवा, आणि उभी राहिली. ओठ फुटला होता. सानिका जमिनीवर बसून दोन्ही हातांनी डोळे झाकून घेत होती. इराने जाऊन चेंडू आणला, तिच्या पायांशी ठेवला आणि म्हणाली,

"अगेन."